काऊनबाई आणि भ्रमणध्वनीचा ठराव

मोबाईलमुळे विद्यार्थ्यांचे चारित्र्य धोक्यात येते, हे सत्य जिल्ह्यात सर्वांत आधी आमच्या शाळेने ओळखले. संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते नारळ फुटला, त्यांचे भाषण झाले आणि 'शालेय परिसरात भ्रमणध्वनीस सक्त मनाई आहे' ही ओळ व्हरांड्याच्या भिंतीवर पिवळ्या रंगात चढली. केशोरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मोबाईलचा टॉवर आला तो त्यानंतर वर्षभराने. तोपर्यंत या नियमाचे पालन अगदी कसोशीने झाले.

त्या समारंभात भाषण संपवताना अध्यक्षांनी "कोणाला काही शंका?" असे विचारले. असे विचारायची पद्धत असते म्हणून ते विचारत, आणि गप्प बसायची पद्धत असते म्हणून आम्ही शिक्षक गप्प बसत असू. त्या दिवशी मात्र मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"काऊन?"

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारले.

"म्हणजे, मनाई काऊन? मोबाईल कोणाजवळ हाय?"

मोबाईल एकट्या अध्यक्षांजवळ होता, आणि तोही गोंदियाला गेल्यावरच लागत असे. मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार मानले आणि चहा आला.

विचारणाऱ्या होत्या गणिताच्या रहांगडालेबाई. त्यांचे हे नाव फक्त हजेरीपटावर होते. आमच्या भागात 'का'ला 'काऊन' म्हणतात, आणि बाई दिवसभरात हा एकच शब्द इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या सुरांत वापरत, की मुलांनी त्यांचे बारसे 'काऊनबाई' असे करून टाकले होते. बाईंना ते माहीत होते. पाठीमागून कोणी तसे म्हणाले की त्या वळून न पाहता "हाव, बोल," म्हणत.

बाई सौंदडच्या. घरी धानाची शेती, घरात पोवारी बोलणे, दारात सदोदित कुणीतरी पाहुणा. आठवडाभर त्या आमच्या गावात खोली घेऊन राहत आणि शनिवारी घरी जात. रोवणीच्या दिवसांत दोन दिवसांची रजा टाकून स्वतः बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरत आणि परतल्यावर नखांतल्या चिखलासकट फळ्यावर समीकरण मांडत. मुख्याध्यापकांना ते शिक्षकी पेशाला शोभत नाही असे वाटे. त्यांनी तसे एकदा सुचवलेही. बाईंनी काय विचारले असेल ते सांगायला नको.

वर्गात उत्तर बरोबर आले की इतर शिक्षक पुढे जातात. बाई तिथे थांबत. "उत्तर आलं. काऊन आलं?" पोरगा डोके खाजवून म्हणे, "पुस्तकात तसंच दिलं हाय, मॅडम." "पुस्तक तुया काका लागते का? त्यानं सांगतलं अन् तू आयकलं?" मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा अभ्यासक्रम कधी वेळेवर संपला नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात बोलीभाषा वापरण्यावर हरकत घेतली. बाई म्हणाल्या, "पोट्ट्याईले समजते म्हणून बोलतो, साहेब. न समजनाऱ्या भाषेत मलेही बोलता येते, पण मंग शिकवाचं कधी?" साहेबांनी शेरा लिहिला: 'शिक्षिका स्पष्टवक्त्या आहेत.' ही स्तुती नव्हती.

न समजणाऱ्या भाषेत बोलण्याचे खाते मुख्याध्यापकांकडे होते. माणूस भला, पण शुद्ध मराठीचे वेड. डस्टरला ते 'फलकमार्जक' म्हणत आणि सायकल स्टँडवर त्यांनी 'द्विचक्री विश्रामस्थान' असा फलक लावला होता. पोरे सायकली बाहेरच्या कडुलिंबाखाली लावत, कारण ती जागा शिक्षकांसाठी राखीव असावी असा त्यांचा समज झाला होता. मोबाईलला 'भ्रमणध्वनी' हा शब्द त्यांनी कुठेतरी वाचला तेव्हा त्यांचा आनंद शाळाभर दरवळला. स्वतःजवळ मोबाईल नसतानाही ते तो शब्द दिवसातून चार वेळा वापरत.

टॉवर आला आणि भिंतीवरच्या ओळीला अखेर काम मिळाले. नागपूरला, रायपूरला कामाला गेलेल्या भावांनी वापरून टाकलेले टॉर्चवाले मोबाईल दप्तरांतून शाळेत येऊ लागले. कोणी ते जप्त करी, कोणी कान उपटी, कोणी बापाला बोलावणे धाडी. बाईंची रीत वेगळी. त्यांच्या तासाला एका दप्तरात घंटी वाजली तेव्हा त्या म्हणाल्या, "उचल."

"नाई मॅडम, चुकून..."

"उचल ना गा. कोणाचं तरी काम असंन. अन् स्पीकर लाव, आमालेही आयकू दे."

पोराने बटण दाबले. पलीकडून त्याच्या बापाचा आवाज साऱ्या वर्गात घुमला, "अबे गाढवा, मोटारीची चाबी कुठं ठेवली? बांधी वाळून राहिली अन् तू तिकडं शिकून राहिला!" वर्ग दहा मिनिटे हसत होता. बाईंनी शांतपणे फोनकडे तोंड करून सांगितले, "चाबी सांगते तो, भाऊ. अन् शिकून नाई राहिला, त्याचं टेन्शन घेऊ नका." त्यानंतर त्यांच्या तासाला घंटी वाजली नाही. प्रत्येकाला आपापल्या बापाची भाषा माहीत होती.

मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे कळल्यावर आम्ही काही शिक्षक हवालदिल झालो. बाईंनी एक मोबाईल मागून घेतला आणि वर्गापुढे धरला. "याले भागाकार येते. काऊन येते ते विचारा त्याले." बाईंनी मोबाईल स्वतःच्या कानाला लावला. "नाई सांगत ना? मंग तुमच्यात अन् याच्यात जो फरक राह्यला पायजे, तोच मी शिकवून राहिली."

हे सगळे गमतीचे होते तोवर ठीक होते. प्रमिलाच्या वेळी गंमत संपली.

प्रमिला दहावीत होती. गावापासून लांब, जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या पाड्यावरून, सायकलने येई. टोल्यावरच्या बाकीच्या मुली सातवी-आठवीत घरी बसल्या होत्या. दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. वाटेत नाला आणि नाल्यापलीकडे दाट झाडी. हिवाळ्यात बोरे पिकली की तिथे अस्वल उतरते, आणि शाळा सुटून ती नाल्यापाशी पोचेपर्यंत उजेड उतरणीला लागलेला असतो. तिच्या बापाने, सुखरामने, यावर एक तोड काढली होती. थोरल्या मुलाने पाठवलेल्या दोन मोबाईलपैकी एक प्रमिलाच्या दप्तरात. दुसरा गुरांच्या कोठ्यावर, बांबूला बांधून ठेवलेला, कारण टोल्यावर रेंज तेवढ्याच जागी येई. प्रमिलाने नाल्यापाशी पोचून एक मिस कॉल द्यायचा. कोठ्यावर घंटी वाजली की सुखरामने काठी आणि रिकामा पिपा घेऊन, तो बडवत निघायचे आणि पोरीला मध्ये गाठायचे. बोलायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

डिसेंबरात अध्यक्षांनी कुठल्याशा शाळेत पोरांकडे भलतेसलते व्हिडिओ सापडल्याचे ऐकले आणि फर्मान सोडले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर दप्तरे तपासली गेली. सापडलेले मोबाईल मुख्याध्यापकांनी कपाटात घातले, किल्ली खिशात घातली आणि दुपारी ते बैठकीसाठी अर्जुनीला निघून गेले. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. संध्याकाळी प्रमिला कपाटाकडे पाहून घरी निघाली.

नाल्यापाशी पोचली तर पलीकडच्या बोरीखाली अस्वल. मिस कॉल देता येईना. ती नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याआड बसून राहिली. तिकडे सुखराम कोठ्याखाली कान देऊन बसला होता. घंटी नाही, म्हणजे पोरगी अजून शाळेतून निघालीच नाही, असा त्याचा हिशेब. तो हलला नाही. अंधार पडल्यावर तणसाने भरलेली एक बैलबंडी त्या वाटेने आली आणि तिच्यामागून प्रमिला घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखराम शाळेत आला. त्याने आरडाओरडा केला नाही. मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, मोबाईल वापस द्या. पोरगी आता येत नाई."

"अहो, शिक्षण म्हणजे..."

"हाव सर. पण अस्वलाले तुमचा नियम समजत नाई."

मुख्याध्यापक म्हणाले की नियम संस्थेचा आहे, बदलायचा तर पालकसभेचा ठराव हवा. सुखराम निघाला. बाईंनी त्याला फाटकाशी अडवले.

"सुखरामभाऊ, तिले घरी बसवू नका. सभा होयेपर्यंत मी आणून सोडतो नाल्यापर्यंत. अन् माह्या मोबाईलवरून देतो घंटी."

"तुमचा मोबाईल शाळेत चालते?"

"चालते. शिक्षकाचा चालते, पोरीचा नाई. काऊन, तेच तर विचारून राहिली मी."

"सभेपर्यंत पाहतो, मॅडम," सुखराम म्हणाला. "सभेत नाई झालं, तं मंग नका आडवू मले."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाई आपल्या लुनावर पुढे आणि प्रमिला सायकलवर मागे, अशी मिरवणूक नाल्यापर्यंत जाई. बाई तिथून कोठ्यावर घंटी देत आणि झाडीतून पिप्याचा आवाज जवळ येईपर्यंत उभ्या राहत. उभ्या राहायच्या वेळात त्या प्रमिलाला प्रमेये विचारीत. प्रमिलाला अस्वल बरे वाटत असावे.

पालकसभा भरली. अध्यक्ष आले. त्यांची गोंदियाला राईस मिल होती, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि उमेदवारी मिळाल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. ते संस्कारांवर बोलले. मग मुख्याध्यापकांनी ठराव वाचला: "पाल्यांच्या अध्ययनात व्यत्यय आणणाऱ्या भ्रमणध्वनीस शालेय परिसरात कोणत्याही कारणास्तव प्रवेश असू नये. ज्यांना मान्य असेल त्यांनी हस्त उंचवावा."

सगळ्यांचे हात वर गेले. नुसते वर गेले नाहीत, उत्साहाने गेले. मागून कोणीतरी "बहुत चांगलं केलं, सर!" असेही ओरडले. बाई विरोधात बोलायला उभ्या राहिल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. कारण तिसऱ्या रांगेत सुखरामचाही हात वर होता.

सभा उठल्यावर त्यांनी त्याला गाठले. मी शेजारीच होतो.

"सुखरामभाऊ, हात काऊन वर केला तुमी?"

"कायले नाई करू, मॅडम? लेकराईचा अभ्यास होत नाई त्या भोंग्यापायी. आज नाटकवाले, उद्या इलेक्शनवाले, परवा साडीसेलवाले. जीपवर भोंगा बांधते अन् दिवसभर बोंबलत फिरते."

"भोंगा?"

"मंग! भ्रमण करते तो ध्वनी. गावात फिरते तो भोंगाच ना? भिंतीवरही कवाचंच लिवलं हाय, पण कोणी मानत नोयतं. आता ठराव झाला." आणि मग त्याने विचारले, "मोबाईलचं कवा काढतीन, मॅडम? तेवढ्यासाठी आलो होतो मी."

बाई हसू लागल्या. फाटकाला धरून हसल्या. सुखराम गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मग बाई एकदम थांबल्या. गणिताचा अडलेला भाग सुटल्यावर त्यांचा चेहरा होई तसा तो झाला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "ठराव चांगला हाय. आता तो पाळू."

चार दिवसांनी बाजाराचा दिवस होता. बाजाराकडे जाणारा डांबरी रस्ता आमच्या शाळेच्या फाटकासमोरूनच जातो. अध्यक्षांच्या प्रचाराची जीप भोंग्यातून 'आपला माणूस, हक्काचा माणूस' असे गर्जत आली. बाई तास सोडून बाहेर गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"बाजूले व्हा ना, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला.

"भोंगा बंद कर, मंग होतो."

"भाऊंचा प्रचार हाय."

"माईत हाय. भाऊंचाच ठराव हाय."

तोवर बाजाराला निघालेल्या बायाबापड्या जमल्या. सभेत हात वर केलेले त्यांतले पुष्कळ होते, आणि आपण मंजूर केलेली गोष्ट पहिल्यांदाच अमलात येताना पाहून त्यांना हुरूप चढला. "बंद कर बे!" "ठराव झाला हाय!" एका म्हातारीने तर जीपच्या बॉनेटवर वांग्यांची टोपलीच ठेवली. जीप मुकाट्याने बाजारात गेली आणि तिथे भोंगा सुरू करणार तोच लोकांनी तिथेही अडवला. बाजार हा शालेय परिसरात येतो की नाही, यावर ठरावात काही म्हटले नव्हते. लोकांनी तो येतो असे ठरवले.

दुपारी अध्यक्ष स्वतः आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघे. अध्यक्षांचे दोन्ही मोबाईल टेबलावर.

"मॅडम, ये क्या तमाशा है? भ्रमणध्वनी म्हणजे मोबाईल."

"कोणाच्या मराठीत?"

"शब्दकोशात तसंच आहे, बाई," मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

"असंन, सर. पण भाऊ, तुमाले मत शब्दकोशातले लोकं देनार का गावातले?"

अध्यक्षांनी दोन्ही मोबाईल उचलून खिशात घातले. मग त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, आप नौकरी संस्थेत करता. हे ध्यानात आहे ना?"

"हाय ना. पगारपत्रकावर दर महिन्याले सही करतो."

"मग खाली-पिली बात कशाला वाढवता? एका पोरीसाठी?"

"एकच हाय म्हणून. टोल्यावरून दहावीले दुसरी कोणी हाय का? हे बसली घरी, तं पुढच्या साली एकही नाई राहत. मंग तुमचा नियम अजून चांगला पाळला जाईन."

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मला वाटते, त्या क्षणी त्यांना हसू येत होते. पण ते मराठीच्या कोणत्या शब्दात बसवावे हे सुचत नसावे.

भोंगा बंद ठेवून निवडणूक लढवणे अध्यक्षांना परवडणारे नव्हते. दोन दिवसांत पुन्हा पालकसभा झाली. या वेळी ठराव बाईंनी सांगितला, एका वाक्यात: लांबून येणाऱ्या पोरापोरींनी मोबाईल आणावा, शाळा भरताना बंद करून बाईंजवळ द्यावा, सुटताना घेऊन जावा. एका पालकाने उठून विचारले, "मोबाईल म्हणजे मोबाईलच ना, मॅडम? यात दुसरं काई नाई ना?" "मोबाईलच, भाऊ." "मंग ठीक हाय." सुखरामने या वेळी हात वर केला आणि आजूबाजूला दोनदा पाहून घेतले.

शेवटी अध्यक्ष उठले. मुलींच्या सुरक्षेसाठी मोबाईल ही कल्पना आपल्या मनात फार दिवसांपासून घोळत होती, असे त्यांनी सांगितले. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाजवा सर. पोरगी शाळेत येऊन राहिली ना? कल्पना कोणाची का असेना."

प्रमिला मार्चपर्यंत रोज आली. मोहाची फुले पडू लागली, अस्वल पुन्हा खाली उतरले, पण पिपाही वाजत राहिला. परीक्षा झाली. अध्यक्ष निवडून आले, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच बाईंच्या बदलीचा आदेश आला: संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत, तिकडे पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात, सौंदडहून रोज जाता येणार नाही आणि शनिवारीही धड पोचता येणार नाही अशा ठिकाणी. कारण 'प्रशासकीय' असे लिहिले होते. बाईंनी कार्यालयात जाऊन त्याचा अर्थ विचारला. तो कोणालाच सांगता आला नाही. "जाऊ दे," मला म्हणाल्या, "तिथंही टोले असतीनच."

बदली थांबवण्यासाठी आम्ही शिक्षकांनी अर्ज करावा असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "नको, सर. तुमची बदली झाली तं इथं भांडंन कोन?" त्यांनी माझ्याबद्दल फार चांगले मत करून घेतले होते. ते खरे करायला मला पुढची बरीच वर्षे लागली, आणि अजून ते पुरते झालेले नाही.

निरोप समारंभाला गाव लोटले. सुखरामने टोल्यावरून मोहाची वाळवलेली फुले आणि चारोळी आणली होती. अध्यक्षांनी शाल दिली आणि अशा निर्भीड शिक्षिका संस्थेला लाभल्या हे संस्थेचे भाग्य आहे, असे सांगितले. हे भाग्य ते दुसऱ्या तालुक्यात का पाठवत होते ते त्यांनी सांगितले नाही. मुख्याध्यापक शेवटी बोलले. ते म्हणाले, या तेजस्वी गणितज्ञेने व्यवस्थेशी झुंज देऊन अरण्यातील एका कन्येच्या जीवनात ज्ञानसूर्याचा उदय घडवला, आणि तिच्या बुद्धीची प्रभा उद्या दशदिशा उजळील.

आठवड्याने निकाल लागला. प्रमिला पास झाली. गणितात तिला पस्तीस गुण होते.